मोहाच्या फुलावरचा पहारा

चैत्राच्या पहाटे सावळघाट ओलांडून पेठेच्या बाजूस उतरणाऱ्या प्रवाशाला, अजून तांबडे फुटले नसताना, रानातून टोपल्या घेऊन निघालेल्या बायका-मुलांची रांग दिसते. मोहाचे फूल रात्री उमलते आणि उजाडण्यापूर्वी जमिनीवर पडते, म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा स्वच्छ केलेली असते. त्या काळ्या भुईवर पडलेली ती पिवळसर, मांसल, गोडसर वासाची फुले वेचून अंगणात वाळत घातली, की कोकणा, वारली, महादेव कोळी आणि भिल्ल कुटुंबांच्या वर्षाच्या बेगमीचा एक भाग घरात येतो. दुष्काळात ही फुले शिजवून पोट भरता येते, बियांचे तेल निघते. आणि ह्याच फुलांपासून, एक मडके, एक पोकळ नळी आणि थोडे सरपण एवढ्या सामग्रीवर, ती दारू गाळली जाते जिच्या थेंबावाचून ह्या डोंगरांत लग्न लागत नसे, पितरांना नैवेद्य पोचत नसे आणि डोंगऱ्यादेवाचा उत्सव पार पडत नसे. गेल्या दीडशे वर्षांत ह्या मडक्यावर सरकारने जेवढा पहारा ठेवला, तेवढा ह्या मुलखात क्वचितच दुसऱ्या कशावर ठेवला असेल. त्या पहाऱ्याचा इतिहास नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने सांगितला पाहिजे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण दारूबंदी हवी की नको ह्या वादात आपण इतके रंगून जातो, की बंदी असो वा नसो, त्या दारूचा पैसा कोणाच्या हाती गेला आणि शिक्षा कोणाच्या वाट्याला आली, हा साधा हिशेब मांडावयाचाच राहून जातो.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि नाशिक कंपनी सरकारच्या अंमलाखाली आले, तेव्हा येथील लोक दारूबाज होते असे कोणी म्हटलेले नाही. उलट, जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये अहवाल लिहिणाऱ्या माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टननेही पेशव्यांच्या राज्यातील दारूविषयीच्या कडक धोरणाची दखल घेतली आहे. पुणे शहरात मनाई, इतरत्र निरुत्साहन, आणि डोंगरी मुलखात दुर्लक्ष, अशी ती जुनी व्यवस्था होती; तीत धर्मशास्त्राचा भाग मोठा होता आणि जातिभेदाचाही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दारू हे राज्याच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन व्हावे, अशी कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. ती कल्पना इंग्रजी अंमलाबरोबर आली आणि तिचे नाव आबकारी.

प्रारंभी आबकारीचा कारभार मक्त्यावर चाले. तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावात जो अधिक बोली बोलेल त्याला मिळावयाचा, आणि मग त्या मुदतीपुरता तो मक्तेदारच त्या मुलखातील दारूचा धनी व्हावयाचा. ह्या पद्धतीचा एक परिणाम असा झाला, की चोरटी दारू पकडण्यात सरकारी शिपायापेक्षा मक्तेदाराचाच स्वार्थ अधिक गुंतला. कारण डोंगरातल्या एखाद्या झोपडीत गाळलेली प्रत्येक शेर दारू ही त्याच्या दुकानातून न खपलेली दारू होती. त्याचे पगारी हेर रानातून हिंडत, सरकारी अंमलदार त्यांच्या खबरीवर झडती घेत, आणि बातमी देणाऱ्याला दंडाच्या रकमेतून बक्षीस मिळे. ज्याच्या गल्ल्यात पैसा पडावयाचा त्याच्याच माणसाने गुन्हा हुडकावयाचा, ही न्यायाची रीत एका सुधारलेल्या म्हणविणाऱ्या राज्याने आमच्या डोंगरांत आणली.

१८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ही व्यवस्था बदलली असे म्हणण्यापेक्षा पक्की केली असे म्हणणे योग्य होईल. त्याच वर्षी पेठेच्या बेगमेच्या मृत्यूनंतर पेठ संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यास जोडले गेले, हा योगायोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. कारण मोहाच्या रानाचा एक मोठा पट्टा आणि मोहाच्या दारूवरचा नवा कायदा, दोन्ही एकाच वर्षी सरकारच्या दफ्तरात दाखल झाले. नव्या धोरणाचा गाभा असा, की गावोगावच्या लहान भट्ट्या मोडाव्यात, दारू मध्यवर्ती भट्टीतच गाळावी, तिच्या तीव्रतेप्रमाणे गॅलनमागे जकात घ्यावी, आणि विक्रीचे परवाने लिलावाने द्यावेत. ठाणे जिल्ह्यात उरणच्या भट्ट्यांतून असंख्य पिंपे बाहेर पडू लागली. ह्या धोरणाचा कर्ता चार्ल्स प्रिचर्ड हा कर्तबगार अंमलदार होता, आणि दारू महाग केली की लोक कमी पितील असे त्याचे प्रांजळ समर्थनही असे. परंतु महाग झालेल्या दारूचे उत्पन्न सरकारला जसजसे गोड लागू लागले तसतसे ते कमी व्हावे अशी इच्छा सरकारात कोणाला उरली नाही. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठी मोहफुलांचाच कायदा झाला, आणि परवान्यावाचून फुले जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. झाडावरून पडलेल्या फुलाला जप्तीचा मुद्देमाल बनविणारा हा कायदा वाचताना आजही मन विषण्ण होते. सीमेवरच्या संस्थानांत स्वस्त दारू मिळत राहिली तर तटबंदी फुटेल, म्हणून त्यांपैकी अनेकांचे आबकारी हक्कही इंग्रज सरकारने आपल्या हाती घेतले.

शहरांत ह्या धोरणाविरुद्ध आवाज उठले, आणि ते निरनिराळ्या दिशांनी उठले. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ च्या उन्हाळ्यात त्याच पुण्यात टिळकांच्या प्रेरणेने स्वयंसेवक दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडू लागले, आणि दारू पिऊ नका असे सांगणाऱ्यांनाच पकडण्याची पाळी सरकारवर आली. फुले आणि टिळक ह्यांची मते ज्या थोड्या प्रश्नांवर एका बाजूस पडतात त्यांपैकी हा एक आहे, आणि त्याचे स्मरण दोघांचेही अनुयायी फारसे ठेवीत नाहीत.

तथापि ह्या सबंध वादातील सर्वांत मर्मभेदी बोल माझ्या मते पुढे १९२७ साली मुंबई कायदेमंडळात उच्चारले गेले. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण आणि आबकारी ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती सोपविली होती, आणि ती वरवर उदार दिसणारी देणगी वस्तुतः एक क्रूर पेच होता; शाळा काढावयाची तर दारूचा पैसा पाहिजे, आणि दारू बंद करावी तर शाळा बंद पडते, असा तो पेच. शिक्षणाच्या मागणीवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन आकडे शेजारी मांडले: ह्या इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च १४ आणे, आणि आबकारीपोटी दरडोई वसुली दोन रुपयांहून अधिक. लोकांकडून दारूच्या रूपाने जेवढे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती. त्या मागणीत दारूची स्तुती नव्हती की निंदा नव्हती, हिशेब होता. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांना तो हिशेब लावला असता तर काय दिसले असते, हे सांगावयास आकड्यांची आवश्यकता नाही.

परंतु त्या पाड्यांनी कोणाच्या भाषणाची वाट पाहिली नव्हती. १९२१ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीची साथ आली आणि तिला शांत करण्यासाठी बायकांच्या अंगात देवी येऊ लागली. ही देवी, जिला सलाबाई म्हणत, गावोगाव फिरत सह्याद्री चढली आणि १९२२ मध्ये नाशिकच्या डोंगराळ भागातून, सुरगाण्यातून, डांगांत, खानदेशात आणि पुढे सुरत जिल्ह्यात पोचली. मांडव घालावा, गावाने खाली बसावे, अंगात आलेल्यांनी घुमावे आणि त्यांच्या मुखाने देवीने आज्ञा द्यावी, असा प्रकार. दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा, घर झाडा, आणि दारूवाल्याची चाकरी करू नका, अशा त्या आज्ञा होत्या. आणि ज्या समाजाला सरकारी अहवालांत पिढ्यान् पिढ्या व्यसनी, आळशी आणि अनावर म्हणून नोंदविले होते, त्या समाजाने त्या पाळल्या. डेव्हिड हार्डिमन ह्या इतिहासकाराने ह्या चळवळीचा मागोवा फार आस्थेने घेतला आहे, आणि त्याने दाखविल्याप्रमाणे ह्या आज्ञांचा रोख व्यसनाइतकाच कर्जावरही होता. कारण पुष्कळ ठिकाणी दारूचा दुकानदार हाच सावकार, सावकार हाच जमीनदार, आणि पेल्याच्या उधारीतून शेताचा सातबारा फिरावयाचा, हा क्रम ठरून गेलेला होता. ह्या धंद्यात पारशी दुकानदार मोठ्या संख्येने होते, म्हणून देवीचा रोष त्यांच्यावर विशेष झाला; परंतु तो धंदा त्यांना लिलावात सरकारनेच विकला होता, हे विसरून चालणार नाही.

येथे सरकारची वागणूक पाहण्यासारखी आहे. महसूल वाढावा पण मद्यपान घटावे, हे ब्रीदवाक्य जे सरकार अर्धशतक जपत आले, त्याच्यासमोर हजारो लोक एक पैसा खर्च न करविता, एक शिपाई न नेमविता, दारू सोडीत होते. आणि अंमलदारांना आनंद होण्याऐवजी चिंता वाटली. दुकाने ओस पडली की लिलावाची बोली खाली यावयाची, आणि आज जे दारूवाल्याला नाही म्हणतात ते उद्या वनखात्याला नाही म्हणतील, अशी ती चिंता होती. गायकवाडी मुलखात तर देवीच्या मेळाव्यांवर बंदीच आली. पुष्कळ गावांत तो निश्चय वर्ष-दोन वर्षांत ढिला झाला हे खरे. परंतु एका सबंध प्रदेशाने आपण होऊन घातलेली दारूबंदी, तीही ज्यांच्याजवळ मोहाचे झाड अंगणात उभे होते अशांनी घातलेली, ही घटना आमच्या शालेय इतिहासात एका ओळीचीही धनी झालेली नाही. पुढे १९३८ मध्ये तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांच्या भोवती पुन्हा असाच जनसमुदाय जमला, ज्यात माणसे एकमेकांना ‘आप’ म्हणून नमस्कार करीत आणि दारू सोडण्याची शपथ घेत. ज्यांना आयुष्यभर अरे-तुरे ऐकावे लागले त्यांनी आपसांत हा शब्द निवडावा, ह्यात त्या चळवळीचे सगळे मर्म आले.

ह्यानंतर बंदी सरकारी झाली. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, आबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते, आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी जाहीर झाली. गेलेले उत्पन्न भरून काढण्यासाठी घरमालकांवर कर बसला, त्यावरून काहूर उठले. तोच महायुद्ध, मंत्रिमंडळाचा राजीनामा, आणि १९४० मध्ये उच्च न्यायालयाने बंदीची अधिसूचना रद्दबातल ठरविल्याने तो प्रयोग ओसरला. १९४६ नंतर मात्र निश्चय दृढ होता. मोरारजी देसाईंच्या कणखरपणाची छाया ज्यावर स्पष्ट दिसते तो मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली आला, आणि ६ एप्रिल १९५० ह्या दिवसापासून सबंध मुंबई राज्य कोरडे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात नाशिक येथे पुरुषोत्तमदास टंडन यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा देशभरातून आलेले प्रतिनिधी ज्या गोदातीरावर उतरले तो एका संपूर्ण दारूबंदी असलेल्या राज्याचा भाग होता. गांधीजींच्या मृत्यूला अजून तीन वर्षेही झाली नव्हती. त्या पिढीच्या प्रामाणिकपणाविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

परंतु कायदा वाचावा. मोहफुले, सडका गूळ, मळी ही सर्व त्याच्या कक्षेत आली. गाळणे, बाळगणे, नेणे, विकणे आणि पिणे हे सर्व दंडनीय झाले, आणि पहिल्याच अपराधाला कैद सांगितली गेली. मद्याची स्तुती करणे हाही गुन्हा होता. फ्राम बालसारा नावाच्या मुंबईच्या नागरिकाने व्हिस्की, ब्रँडी, बिअर आणि त्यांच्या जोडीने यू-द-कोलोन व लव्हेंडर वॉटर वापरण्याचा आपला हक्क सांगत ह्या कायद्याला आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायदा कायम ठेवला, मात्र औषधी व प्रसाधनी अर्क आणि स्तुतीसंबंधीची कलमे त्यातून वगळली. शहरातल्या सुखवस्तू माणसाला ह्या निकालाने काही वाटा मोकळ्या झाल्या, आणि डॉक्टरी दाखल्यावर मिळणारा तब्येतीचा परवाना ही आणखी एक वाट होतीच. पाड्यावरच्या माणसाला तब्येत असते आणि तिच्यासाठी परवाना मागता येतो, हे त्याला कोणी सांगितले नाही; त्याच्या घरी आला तो पंचनामा. मडके फोडले, रसायन ओतले, पंचांनी अंगठे उठविले, आणि म्हातारीला किंवा तिच्या मुलाला तालुक्याच्या कचेरीत नेऊन उभे केले. ज्याला आपण हातभट्टी म्हणतो ती अशा रीतीने घराघरातून उठून गुंडांच्या हाती गेली. गूळ आणि नवसागर ह्यांच्या त्या तिखट मिश्रणात मोहाच्या फुलाचा मागमूसही उरला नाही. मोटारीच्या रबरी ट्यूबांतून दारू वाहू लागली, मुंबईत वरदराजन मुदलियारसारख्यांची साम्राज्ये ह्याच प्रवाहावर उभी राहिली, आणि हप्ता हा शब्द मराठीत नव्या अर्थाने रुळला. अमेरिकेने १९२० ते १९३३ ह्या तेरा वर्षांत हाच धडा गिरवला होता, पण दुसऱ्याच्या पाटीवरचा धडा कोण वाचतो? १९५९ मध्ये कायदा आणखी आवळला गेला, आणि रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क आढळला की निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडू लागला.

वसंतराव नाईक १९६३ च्या अखेरीस मुख्यमंत्री झाले, आणि पुढच्या काही वर्षांत बंदीची गाठ सैल होत गेली. १९७३ च्या देशी दारू नियमांनी परवानाधारक दुकाने पुन्हा उभी केली; पण त्या बाटलीतली देशी दारू कशाची होती? मळीची. सहकारी साखर कारखान्यांची मळी, परवानाधारकाची डिस्टिलरी, लिलावाऐवजी शुल्क, आणि पुन्हा एकदा राज्याच्या तिजोरीचा एक मोठा आधार. मोहाची दारू, जी ह्या भूमीतली खरोखरची देशी, ती बेकायदाच राहिली. १९४९ चा कायदा रद्द झाला नाही. तो आजही आहे, आणि त्याच्या चौकटीत परवान्यांची रास रचून हा सर्व व्यापार चालतो. निषेधाचा कायदा आणि विक्रीचा कायदा एकाच पुस्तकात राहतात, आणि कोणते पान कोणाच्या दारी उघडावयाचे हे माणूस पाहून ठरते.

गांजाच्या बाबतीतही नाशिकची ओळख जुनी आहे. सिंहस्थात त्र्यंबकच्या आखाड्यांतून चिलमीचा धूर उठतो हे कोणास नवे नाही. १८९३ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेऊन असे मत दिले होते, की माफक सेवनाने फारशी हानी होत नाही आणि संपूर्ण बंदी अनावश्यक आहे. त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९८५ साली, अमली पदार्थांचा कठोर कायदा आला, त्यात १९८९ मध्ये दुसऱ्यांदा अपराध करणाऱ्यास अनिवार्य मृत्युदंडाची तरतूद झाली, आणि ती अनिवार्यता २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच अमान्य केली. शिक्षा फाशीपर्यंत चढविल्याने धंदा थांबला काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिक रोडजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोन तयार करणाऱ्या कारखान्यावर मुंबई पोलिसांना छापा घालावा लागला. नफा जेथे अफाट असतो तेथे कायद्याची जरब गरिबाच्या दारापर्यंत वेळेवर पोचते आणि कारखान्यापर्यंत पोचावयास तिला फार काळ लागतो, एवढे मला ह्यातून दिसते.

आणि मग द्राक्षे. गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी द्राक्षमळे लावून २००० च्या सुमारास सुला ह्या नावाने वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर येथे वाइन पार्क उभारले. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला त्याच्या द्राक्षासाठी आणखी एक बाजार मिळाला ह्याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्या उद्योगावर येथे टीका करण्याचा माझा हेतू नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा शेतकऱ्याच्या हिताचेच कारण सांगितले गेले. माझा प्रश्न एवढाच आहे, की दिंडोरीच्या द्राक्षाला जे कारण लागू पडते, ते त्याच जिल्ह्यात सत्तर-ऐंशी मैलांच्या आतल्या मोहाला दीडशे वर्षे का लागू पडले नाही? दोन्ही फळ-फुलांतून आंबवणीने तयार होणारी मद्ये. एकाला अनुदान आणि पर्यटन, दुसऱ्याला झडती आणि मुचलका. २०२१ साली मोहफुलांच्या संकलनावरचे व साठवणीवरचे निर्बंध राज्याने उठविले, ही चांगली गोष्ट झाली. फूल मोकळे झाले, मडके अजून झाले नाही.

ह्या हिशेबात बायकांचा रकाना नेहमी कोरा सोडलेला असतो, आणि देवीच्या चळवळीत प्रथम त्यांच्याच अंगात देवी आली होती हे ध्यानात घेतले म्हणजे ती चूक किती मोठी आहे ते कळते. मडके जप्त झाले तर पोटाचे साधन जाते ते तिचे, आणि दुकान उघडले तर मजुरी बुडते तीही तिचीच. २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील चतुर्थांश स्त्री मतदारांनी मागणी केली तर दुकान ठेवावे की नाही ह्यावर मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. आणि दुकान बंद व्हावयाचे तर मतदानाला आलेल्या नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. आमदाराला, खासदाराला निवडून येण्यासाठी ही अट नाही. ऊसतोडीला, द्राक्षछाटणीला गेलेली बाई त्या दिवशी गावात नसली, तर तिचे न दिलेले मत दुकानाच्या बाजूने मोजले जाते. तरीही रोजगार बुडवून, घरच्याचा रोष पत्करून, शाळेच्या ओसरीवर उन्हात रांग लावणाऱ्या बायका महाराष्ट्रात जागोजाग दिसतात. पुष्कळदा थोड्या मतांनी हरतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरू लागतात.